बोटीवर साडेसहा

“वैजू, थंय किती वाजले?”

आये माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या की आधी मशेरीचा वास यायचा आणि मग हा प्रश्न. आये म्हणजे माझ्या सासूबाई. ‘थंय’ म्हणजे तिथे, आणि तिथे म्हणजे जगाच्या पाठीवर जिथे कुठे त्यांचा मुलगा बोटीवर असेल तिथे.

मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं. “अकरा वाजून गेले.”

“म्हणजे जेवक नाय अजून.”

“बाराला जेवतात बोटीवर.”

“मगे थांबतंय.”

आणि त्या पदर सावरत ओटीवर जाऊन बसल्या. स्वयंपाकघरात त्यांचं ताट झाकून ठेवलं होतं, बांगड्याचं तिखलं गार होऊन त्यावर तेलाची साय धरली होती. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते.

गोष्ट जुनी आहे. मोबाइल तेव्हा गावात एखाद्याच्याच खिशात असायचा आणि तोही टेकाडावर चढल्याशिवाय वाजायचा नाही. आमच्याकडे फळीवर ठेवलेला साधा फोन होता आणि माझ्या नवऱ्याने, दिगंबर कुबल यांनी, मुंबईहून एस्टीने गोधडीत गुंडाळून आणलेला एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता. त्यांच्या मते तो मुलीच्या शिक्षणासाठी होता. मुलगी चौथीत होती आणि तिला त्यातल्या पत्त्यांच्या खेळापलीकडे कशाचंही कौतुक नव्हतं. गोडी लागली ती मला. कुडाळच्या रद्दीवाल्याकडे प्रोग्रॅमिंगचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, पहिली पानं गळालेलं. त्यामुळे प्रोग्रॅमिंगची सुरुवात कशी करायची ते मला आजतागायत माहीत नाही. मी मधूनच सुरू केलं. आज त्याच कामावर माझं घर चालतं, पण कोणी ‘शिकलात कुठे’ विचारलं की मला ते फाटकं पुस्तकच आठवतं.

त्यातून मी पहिला प्रोग्रॅम लिहिला तो आयेंसाठी. कारण मुलगा जेवल्याशिवाय त्या जेवत नसत. मुलगा आखातात बोटीवर असताना दर दुपारी विचारायच्या आणि मी बोटांवर मोजून सांगायचे. त्याचा कंटाळा आला, म्हणून पडद्यावर दोन घड्याळं काढली. एकाखाली लिहिलं ‘घर’, दुसऱ्याखाली ‘बोट’. चौकटीत तासांचा फरक टाकायचा, घरच्या वेळेतून तो वजा व्हायचा आणि बोटीवरची वेळ दिसायची. पहिले काही दिवस ते घड्याळ बारा मिनिटं चुकत होतं. दीड तास म्हणून मी एक पूर्णांक तीस टाकत होते, आणि कॉम्प्युटरच्या लेखी अर्धा तास म्हणजे तीस नव्हे, पूर्णांकानंतरचा पाच. हे मला कळेपर्यंत आयेंचं माझ्या शास्त्राबद्दलचं मत तयार झालं होतं. “बारा मिनटांत भात करपता गो,” त्या म्हणाल्या होत्या.

पण एकदा घड्याळ जुळलं ते जुळलं. मग त्यांनी त्याच्यावर असा विश्वास टाकला की मलाच भीती वाटायची. बोटीवर बारा वाजून थोडा वेळ जाऊ द्यायचा, ‘आता बसलो असात पानार’ असं स्वतःशी म्हणायचं आणि मग स्वतः पहिला घास घ्यायचा. गावात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. आयेंचा नवरा बोटीवर वारला तेव्हा दिगंबर दोन वर्षांचे होते. या बाईने एकटीने सुपाऱ्या सोलून, जाळी विणून मुलगा वाढवला. तिची माया अशीच असणार, असं सगळे म्हणत, आणि मीही तेच समजत होते. आयेंच्या आणखी दोन गोष्टी मी त्याच मायेच्या खात्यात टाकल्या होत्या. गावच्या जत्रेला त्या कधी जात नसत. आणि हसताना तोंडावर पदर धरायच्या, मग काहीतरी आठवल्यासारख्या मधेच थांबायच्या. मी घाटावरची, गडहिंग्लजची. मला वाटायचं, कोकणातल्या बायका अशाच हसत असतील.

त्या वर्षी दिगंबरांना मोठी बोट मिळाली, जपान-कोरियाच्या लाइनीची. चढण्याआधी मुंबईहून फोनवर म्हणाले, “आयेच्या घड्याळात फरक बदल. साडेतीन तास.” मी चौकटीत साडेतीन टाकले. या वेळी पूर्णांक पाच टाकायला विसरले नाही, याचा मला अभिमानही वाटला.

त्याच दिवसापासून आयेंचं जेवण साडेतीनवर गेलं. बोटीवरचे बारा म्हणजे घरचे साडेतीन, असं घड्याळ सांगत होतं.

त्यांना साखर होती. मालवणच्या डॉक्टरांनी गोळ्या देताना माझ्याकडे बघून बजावलं होतं की गोळी घेतली की जेवण वेळेवर हवं, हे चुकलं तर बाई एक दिवस चुलीपाशी पडलेल्या सापडतील. मी समजावलं, रागावले, एक दिवस मीही उपाशी राहून बघितलं. आयेंनी मला निवांतपणे वाढलं आणि स्वतः ओटीवर जाऊन बसल्या. शेवटी मनात आलं, घड्याळच हाताने पुढे सरकवावं. कोण बघायला येतंय? पण त्याच दुपारी शेजारणीशी बोलताना मी त्यांना ऐकलं. “आमच्या घाटणीचा घड्याळ लबाडी करणा नाय,” त्या म्हणत होत्या. झालं. माझे हातच बांधले गेले.

तर त्या दुपारी त्या ओटीवर जाऊन बसल्या आणि मी परत कीबोर्डकडे वळले. थोड्या वेळाने पितळी पेला पायऱ्यांवरून गडगडत खाली गेल्याचा आवाज आला. बाहेर आले तर आये खांबाला टेकलेल्या, कपाळावर घाम, आणि ‘पेलो पडलो’ एवढं सांगायला त्यांना चार वेळा सुरुवात करावी लागत होती.

मी धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं. तोंडाला लावलं. अर्धं पोटात गेल्यावर त्यांनी माझा हात धरून थांबवला.

“ह्या पाणी मां? जेवण नाय?”

“पाणीच आहे, आये. औषध समजा.”

“मगे दी.”

बाकीचं प्यायल्या. हळूहळू नजर ठिकाणावर आली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते आणि मनात ठरवत होते की आज सरळ घड्याळ बंद करायचं, पडदा काळा, मग विचारा काय विचारायचं ते. तेवढ्यात फोन वाजला.

दिगंबर होते. बंदरावरच्या खलाशांच्या क्लबातून बोलत होते. आवाज खाली ठेवून मी काय झालं ते सांगितलं आणि म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना, माझ्या जेवणाशी स्वतःला बांधून घेऊ नकोस म्हणून, नाहीतर आज तरी जेवलो म्हणून सांगा, जेवला नसलात तरी.

“पण जेवायलाच चाललोय,” ते म्हणाले. “साडेसहा वाजले.”

मी दारातून पडद्याकडे बघितलं. बोटीच्या घड्याळात साडेअकरा होते.

“कसले साडेसहा? सकाळचे?”

“संध्याकाळचे गं. काळोख पडलाय इथे. तुमच्याकडे तीन ना?”

तीनच वाजले होते. मी मनातल्या मनात हिशेब मांडला, आणि परदेशातला फोन म्हटल्यावर त्याचीही टोचणी लागली. तीनमध्ये साडेतीन मिळवले की साडेसहा. तीनमधून साडेतीन वजा केले की साडेअकरा, जे माझं घड्याळ दाखवत होतं. आये आणि मी दोघी तेच खरं समजून बसलो होतो. गेले कित्येक दिवस दिगंबर आमच्या सकाळच्या चहाच्या वेळी दुपारचं जेवून मोकळे होत होते, आणि त्यांची आई त्या जेवलेल्या माणसाची वाट बघत उपाशी बसत होती.

“दिगूचो फोन?” आये भिंतीला धरून आत आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला.

त्यांनी तब्येतीबद्दल काही बोलू दिलं नाही. “खंय आसस?” एवढं विचारलं, आणि उत्तर ऐकून पुन्हा विचारलं. “कोबेक? ... आणि थंय साडेसहा? ... काळोख पडलो? ... हंय तीन वाजले रे, दिगू. ऊन पडला हंय.” मग तिकडून काहीतरी सांगत असताना त्यांनी रिसीव्हर शांतपणे माझ्या हातात दिला आणि त्या खाली जमिनीवर बसल्या.

दिगंबर घाबरले. मी म्हटलं, मी बघते, तुम्ही जेवा, आणि नीट जेवा. फोन ठेवला.

मला वाटलं, परत चक्कर. पण आयेंचा चेहरा वेगळाच दिसत होता. त्या पडद्याकडे बघत होत्या, जिथे अजून साडेअकराच होते. मी लाजेने खुर्चीवर बसले आणि प्रोग्रॅम उघडला. चूक शोधायलाही लागली नाही. एक आडवी रेघ होती. तिच्या जागी अधिकचं चिन्ह टाकलं, म्हणजे तिच्यावर एक उभी रेघ मारल्यासारखं, एवढंच. बोटीच्या घड्याळात साडेसहा वाजून गेले.

“काय केलंस?” त्यांनी खालून विचारलं.

“वजा करत होते, आये. मिळवायला हवं होतं.”

“मगाशी कित्याक वजा केलंस?”

मी सांगितलं. आखात आपल्या मावळतीला आहे. तिथे सूर्य आपल्यानंतर पोचतो, म्हणून त्यांचं घड्याळ आपल्या मागे. आपल्या गावातले सगळे आखातात गेले, आफ्रिकेत गेले, फार तर युरोपात, सगळे मावळतीकडेच. इथून तिथली वेळ काढायची म्हणजे वजा करायचं, हे माझ्या डोक्यात इतकं बसलं की मी प्रोग्रॅमला दुसरी वाटच ठेवली नाही. जपान उगवतीला. तिथे सगळं उलटं.

“आणि थंयसून हंयची वेळ काढूची तर?”

“तेही उलटं. आखातातून घरची काढायची तर मिळवायचं. जपानातून काढायची तर वजा.”

आयेंनी बोटांवर काहीतरी मोजलं. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा खसाखसा आवाज येत होता.

“भिवान मिळवल्यान,” त्या म्हणाल्या.

भिवा तांडेल म्हणजे माझ्या सासऱ्यांचा बोटीवरचा सोबती. मी त्याचं फक्त नाव ऐकलं होतं. तो सासऱ्यांची लोखंडी पेटी घेऊन घरी आला होता, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं मला त्या दुपारी कळलं, आणि आयेंनी ते असं सांगितलं जसं कोणी आधणात तांदूळ टाकता टाकता बाजारभाव सांगावा.

सासऱ्यांची बोटही जपानात त्याच कोबेला लागली होती. मालाच्या खणात उतरायच्या शिडीवरून त्यांचा पाय घसरला. भिवा पेटी घेऊन आला तेव्हा भटजी ओटीवर बसले होते. क्रियाकर्मासाठी त्यांना तिथी आणि वेळ हवी होती. भिवा म्हणाला, थंय साडेसहा झाले होते, काळोख पडलो होतो, जेवणाची घंटा झाली होती. मग सगळ्यांसमोर बोटांवर मोजून म्हणाला, म्हणजे हंय धा. साडेतीन तासांचा फरक त्याला बरोबर माहीत होता. आणि समुद्रावर आयुष्य गेलेल्या माणसाला ओटीवरचं कोण विचारणार की बाबा, मिळवलंस कशाला? त्यानेही जन्मभर आखाताच्याच फेऱ्या केलेल्या. जपानची ती त्याची पहिलीच फेरी.

“त्या दिवशी जत्रा होती,” आये म्हणाल्या. “रातचे धा म्हणजे नाटकाक रंग चढलेलो. मी पयल्या रांगेत. त्या विनोदी सोंगाक इतक्या हसलंय, इतक्या हसलंय, की माझ्या डोळ्यांतसून पाणी येय होता. आजूबाजूच्यो बायलो माझ्याकडे बघून हसत होत्यो.” त्यांचा हात पदराकडे गेला. “आणि थंय तो.”

मी खुर्चीवरून उतरून त्यांच्याजवळ बसले. म्हणून जत्रा नाही. म्हणून पदर. आणि म्हणून, समुद्रावर आपला माणूस असताना तिथे काय चाललंय ते कळल्याशिवाय त्या काही सुखाचं करायलाच धजत नव्हत्या, जेवणसुद्धा. मी घड्याळ लिहून त्यांना मदत करतेय असं समजत होते, आणि आये इतके दिवस त्या घड्याळासमोर पहाऱ्यावर उभ्या होत्या.

“आये,” मी म्हटलं, “दहा नव्हते वाजले. तीन वाजले होते. दुपारचे.”

“ताच म्हणतंय मी. दिगू आता बोललो ना. तीन आणि साडेसहा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “खरा ना गो? मग सांगशीत, परत उलटा झाला.”

“आता नाही होणार. जपानचं घड्याळ तेव्हाही एवढंच पुढे होतं. साडेसहातून साडेतीन गेले की तीन.”

“जत्रेच्या दिवशी दुपारचे तीन,” त्या स्वतःशी म्हणाल्या. कपाळाला आठ्या घालून आठवत राहिल्या. आणि मग एकदम उठायला लागल्या. मी धरायला गेले तर माझा हात झटकून, भिंतीला धरत मागच्या दाराने परसात गेल्या. मी मागोमाग.

परसाच्या दगडी गडग्यापलीकडे त्यांची थोरली जाऊ सत्यभामा सुपारी वाळत घालत होती. या दोघींचं रोज सकाळी भांडण आणि संध्याकाळी वाटीभर आमटीची देवाणघेवाण, असा नेम होता.

“सत्यभामे,” आयेंनी हाक मारली. “ती नायलॉनची साडी आठवता तुका?”

सत्यभामा काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, हिला काय झालंय अशा नजरेने. “न आठवूक काय झाला? बावडेर तू माझी शोभा केलंस ना तिच्यापायी.”

“कधी ता?”

“जत्रेच्या दिवशी. विसारलंस?”

“किती वाजता?”

“माझ्याकडे काय घड्याळ होता?” काकू म्हणाल्या. मग आपल्याच रागाच्या आठवणीने रंगात आल्या. “तीनची एस्टी येवन थांबली होती. तुझी कळशी रस्त्याच्या मधी, डायवर हॉर्न मारून दमलो, पण तुझा तोंड थांबूक नाय. एस्टीतली माणसा माना भायर काढून बघी होती. आता इतक्या वर्सांनी उकरूक इलंस?”

मी विचारलं, भांडण कशावरून होतं. दोघी एकदम बोलायला लागल्या. हळूहळू उलगडलं ते असं. सत्यभामा काकूंच्या नवऱ्याने बसऱ्याहून नायलॉनची साडी आणली होती आणि काकू ती नेसून जत्रेच्या दिवशी रस्त्याकडेच्या विहिरीवर पाण्याला आल्या होत्या. येऊन आयेंना म्हणाल्या, तुझ्या घोवान तुका काय आणल्यान? बॅटरी. सासऱ्यांनी आयेंना खरंच एक हातातली बॅटरी आणली होती, तीन सेलांची.

“आणि आये काय म्हणाल्या?” मी विचारलं.

काकूंनी नाक मुरडलं. “इचार तुझ्या सासूक.”

आये गडग्याला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. “मी म्हटलंय, तुझ्या साडीतसून दिसता ता गावान बघूचा नाय. माझ्या बॅटरीन वाट तरी दिसता.” त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र भांडणातलाच होता, चढा आणि ठणठणीत. “म्हटलंय, माझो घोव कमी बोलता, पण तेका कळता माका काय व्हया. सगळ्या एस्टीसमोर म्हटलंय. तेचीच बाजू घेवन भांडत होतंय गो, वैजू. थंय साडेसहा वाजले तेव्हा मी हंय तेच्या बाजून भांडत होतंय.”

काकूंना काही कळलं नव्हतं, पण त्या सुपारी टाकून गडग्याजवळ आल्या. आणि आये हसायला लागल्या. पदर खांद्यावरच राहिला. समोरचे दोन दात नसलेलं ते हसू मी लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा सबंध बघितलं. ते कुठे थांबेल याची मी सवयीने वाट बघत होते. ते थांबलं नाही. शेवटी सत्यभामा काकूही हसायला लागल्या, आपल्याच साडीवर.

“ह्या वर्षी जत्रेक माझी जागा धर,” आये डोळे पुसत म्हणाल्या.

“तुका जागा? येतलंस तू?”

“पयल्या रांगेत धर. दात गेले ते गेले, डोळेय अधू झाले माझे.”

काकू काहीतरी पुटपुटत सुपारीकडे गेल्या. मी आयेंना धरून आत आणलं. कॉम्प्युटरच्या खोलीवरून जाताना त्या सवयीने उंबऱ्याशी थांबल्या.

“वैजू, किती वाजले?”

मीही सवयीने पडद्याकडे वळले. “तिथे सात वाजून—”

“हंयचे गो,” त्या म्हणाल्या. “हंयचे सांग. माका भूक लागली.”